शुगरची गोळी चालू असताना पुडी, काढा, कॅप्सूल घ्यावी का?

पलूसजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. शेवटचं एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ८.४. आत्याच्या यजमानांनी कुणाकडून तरी बिनलेबलची पुडी आणून दिलीय. भावाने गुडमार, विजयसार आणि गुळवेलीच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्यात. आई रोज पहाटे कारल्याचा रस देते. पुडी देणाऱ्याचं म्हणणं, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. बाबांनी त्याच्या भरवशावर संध्याकाळची गोळी पंधरा दिवसांपासून बंदही केलीय. ताई विचारतात, "हे करून बघायला काय हरकत आहे? आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट तर नसणार ना?"

मी सांगलीत फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम करतो. हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. बहुतेक वेळा विचारणारा उठून दाराशी गेलेला असतो आणि तिथून वळून विचारतो, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. मी रागावत नाही. पण "आयुर्वेद चांगला की ॲलोपॅथी" या वादात मला पडायचं नाही, कारण बाबांचा प्रश्न तो नाहीच. त्यांच्या पोटात आज तीन वेगळ्या गोष्टी जातायत आणि चौथी, म्हणजे गोळी, अर्धी झालीय. उद्या शुगर उतरली तर कशाने उतरली हे कुणालाच सांगता येणार नाही. चढली तरी तीच गत. आधी ही गुंतवळ सोडवू.

तिन्ही गोष्टींना मी एकाच तराजूत घालणार नाही. कारल्याचा रस हा अन्नाचा भाग आहे. कॅप्सूलवर निदान काय घातलंय ते छापलेलं असतं. पुडीत काय आहे ते मात्र देणाऱ्यालाच ठाऊक, कधी कधी त्यालाही नाही. म्हणून पुडीपासून सुरू करतो आणि तिच्यावर जरा जास्त बोलतो.

लोकांची समजूत अशी असते की पुडीने गुण आला नाही तर फार तर पैसे वाया जातील. मला उलटी धास्ती असते. गुण न येणाऱ्या पुडीची नाही, फार झटपट गुण येणाऱ्या पुडीची. कोणतीही वनस्पती, नुसती वाळवून कुटून दिलेली, उपाशीपोटीची २५० शुगर आठवड्याभरात ९० वर आणत नाही. कारलं नाही, जांभूळ नाही, गुडमार नाही. तसं झालं तर माझा पहिला संशय असतो की पुडीत कुटलेली शुगरची गोळी आहे. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन, अगदी फेनफॉर्मिनसुद्धा सापडल्याच्या नोंदी अनेक देशांतल्या वैद्यकीय साहित्यात आहेत. फेनफॉर्मिनने रक्तात लॅक्टिक ॲसिड साठून माणसं दगावत, म्हणून भारतात ते २००३ साली बंद झालं. ग्लिबेनक्लामाइड जुनं, स्वस्त आणि जोरदार औषध आहे. चिमूटभर पावडरीत दोन गोळ्या सहज लपतात, चव कळत नाही. सिंगापूरमध्ये २००८ साली पुरुषांच्या ताकदीच्या म्हणून विकलेल्या गोळ्यांत हेच सापडलं होतं. ज्यांना मधुमेह नव्हता अशी माणसं शुगर उतरून बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आली, काही दगावली.

आता हे बाबांच्या बाबतीत जोडून बघा. ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड एकाच कुळातली औषधं. जेवलात की नाही याची वाट न बघता दोन्ही स्वादुपिंडातून इन्शुलिन पिळून काढतात. डॉक्टरने मोजून दिलेली एक गोळी आणि पुडीतली न मोजलेली दुसरी, दोन्ही एकाच वेळी पोटात. पहाटे तीन-चारला घाम फुटतो, छातीत धडधडतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरच्यांना वाटतं बीपी वाढलं किंवा पॅरालिसिस झाला. साखर घातली की तेवढ्यापुरता शुद्धीवर येतो आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तेच, कारण औषध अजून रक्तात असतं. अशा पेशंटला मी घरी सोडत नाही. वय जास्त असेल किंवा किडनी मंद असेल तर एक-दोन दिवस सलाइनमधून ग्लुकोज द्यावं लागतं. तासगाव भागातले एक बेदाण्याचे व्यापारी असेच आमच्याकडे आले होते. पुडी सुरू केल्यापासून शुगर इतकी छान झाली होती की त्यांनी चार नातेवाइकांनाही ती दिली होती. शुद्धीवर आल्यावर पहिलं काम म्हणून त्यांनी त्या चौघांना फोन लावले.

याच जातीच्या गुडघेदुखीच्या आणि दम्याच्या पुड्याही असतात. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि त्याने शुगर भडकते. त्यामुळे शुगर का वाढली हे शोधताना मी गुडघ्याच्या औषधाचीही चौकशी करतो. बाबा तसलं काही घेत असतील तर तेही सांगा.

तेव्हा ताई, पुडी आजपासून बंद. मात्र पुडी चालू ठेवून संध्याकाळची गोळी परत सुरू करू नका. पुडीत खरंच औषध असेल तर ते दुहेरी होईल. आधी पुडी थांबवा. तीन-चार दिवस ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघून लिहून ठेवा. पहिल्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करून संध्याकाळची गोळी नेमकी कधी चालू करायची ते विचारा. शुगर ७० च्या खाली दिसली किंवा घाम-थरथर झाली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. राहिलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत ठेवा.

कॅप्सूलचं तसं नाही. त्यावर मी सरसकट काट मारणार नाही. झाडपाल्यात औषध असूच शकत नाही असं म्हणणारा डॉक्टर आपल्याच औषधांचा इतिहास विसरलेला असतो. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. त्यातल्या रसायनांवरून बनवलेलं औषध १९५७ साली फ्रान्समध्ये मधुमेहींवर वापरलं गेलं. आता ज्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांचा धागा सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या एका पदार्थापर्यंत जातो. पण तिथपासून गोळीपर्यंत यायला रसायन वेगळं काढणं, मात्रा ठरवणं, विषारी भाग गाळणं, हजारो लोकांवर तपासणं, एवढा रस्ता चालावा लागला. कॅप्सूलमधल्या बहुतेक वनस्पती या रस्त्यावर कुठेतरी मध्येच उभ्या आहेत. काही चार पावलं पुढे, काही अजून दारातच.

विजयसार, म्हणजे आपला बिबळा, त्यातल्या त्यात पुढे आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्याचा अनेक केंद्रांवर अभ्यास केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. नव्याने निदान झालेले, सौम्य मधुमेहाचे ९७ रुग्ण होते. २ ते ४ ग्रॅम मात्रेवर १२ आठवड्यांत त्यांतल्या ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. आकडा चांगला आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि रुग्ण नवे होते. नवीन निदान झालेला माणूस घाबरून गोड सोडतो, चालायला लागतो, आणि तेवढ्यानेही शुगर उतरते. शिवाय तिथे मोजून दिलेलं औषध होतं. सहलीहून आणलेल्या बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर पाणी ठेवून ते लाल झालं म्हणजे ती मात्रा पोटात गेली असं होत नाही. बाबांना नऊ वर्षं झालीत आणि दोन औषधांवरही ८.४ आहे, म्हणजे ते या ९७ जणांसारखे नाहीत.

गुडमारचं पान चघळलं की जिभेला साखरेची चव कळत नाही. हे खरं आहे, करून बघण्यासारखं आहे, गोड खाण्याची सवय तोडायला त्याचा काहींना उपयोगही होतो. त्यामुळे लोकांचा त्यावर विश्वास पटकन बसतो. रक्तातली साखर त्याने किती उतरते याचे माणसांवरचे प्रयोग मात्र लहान आहेत. जांभळाच्या बियांचंही तेच, प्राण्यांवरचं काम भरपूर, माणसांवरचं भक्कम काम थोडं. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या लखनौच्या दोन प्रयोगशाळांनी बनवलेलं बीजीआर-३४ आणि आयुष खात्याच्या संशोधन परिषदेचं आयुष-८२ ही याच वनस्पती एकत्र करून केलेली औषधं. सरकारी संस्थेने बनवलंय म्हणजे मेटफॉर्मिनच्या जागी बसतं, असा अर्थ घरोघरी काढला जातो. तो तसा नाही.

कॅप्सूलमधल्या गुळवेलीपाशी मात्र मी थांबतो. कोविडच्या काळात घराघरांत तिचा काढा झाला. त्यानंतर २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की दुसरीच जवळची जात वापरली गेली असेल, वनस्पती नीट ओळखलेली नाही. माझ्यासारख्याला दोन्ही बाजूंतून एकच बोध मिळतो. बाटलीतल्या भुकटीत नेमकी कोणती वेल आहे हे तज्ज्ञांनाही तपासल्याशिवाय सांगता येत नसेल, तर आधी एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी बघून मगच ती घ्यावी. आणि ज्याचं यकृत आधीच दुखावलंय, दारू आहे, त्याने ती घेऊच नये.

हळदीबद्दल सांगलीत राहून न बोलणं कठीण. हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांचा, वारसा आपला, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि प्रमेहाला (मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांना) आवळा-हळद ही जोडी आयुर्वेदात फार जुनी. २०१२ साली थायलंडच्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना नऊ महिने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, कॅप्सूल दिल्या. त्यांच्यातल्या कुणालाच मधुमेह झाला नाही, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांच्या वर लोकांना झाला. पण ते लोक उंबरठ्यावरचे होते आणि मात्रा वेगळ्या काढलेल्या कर्क्युमिनची होती. आपल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के. भाजी-आमटीतली हळद, दुधातली चिमूट, आवळ्याबरोबर अर्धा चमचा, यात मला काही वावगं दिसत नाही. मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या हाय-डोस कॅप्सूलमुळे मात्र कावीळ झाल्याच्या नोंदी परदेशात वाढल्यात. त्या मी देत नाही.

आता आईंचा कारल्याचा रस. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडच्याच एका प्रयोगात रोज २००० मिलिग्रॅम कारल्याने शुगर थोडी उतरली, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. म्हणजे परिणाम आहे, पण हलका. पाव कप रस बाबांना पचत असेल, पोट बिघडत नसेल तर घेऊ द्या. फक्त रिकाम्या पोटी रस, मग गोळी, आणि नाष्ट्याला ताटकळणं, हा क्रम नको. गोळीनंतर अर्ध्या तासात खाणं झालंच पाहिजे. खरं तर रसापेक्षा कारल्याची भाजी बरी, ती ताटातल्या भाकरीची जागा खाते. त्यात दुधी मिसळत असाल तर आधी कापून जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो दुधी फेका. कडू दुधीच्या रसाने २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ दगावले आणि आयसीएमआरला त्यावर समिती नेमावी लागली. कडू म्हणजे शुगरला चांगलं, हे सगळ्याच भाज्यांना लागू नाही.

आणि मेथी. सगळ्यांत साधी, आणि माझ्या मते सगळ्यांत वाजवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर बरंच काम केलंय. मेथीतला चिकट तंतू आतड्यात साखरेचं शोषण हळू करतो, त्यामुळे जेवणानंतरची उसळी कमी होते. एक-दोन चमचे दाणे रात्री भिजवून सकाळी चावून खावेत, किंवा पिठात घालावेत. पोट फुगतं, सुरुवातीला जुलाबही होतात, म्हणून अर्ध्या चमच्यापासून चढवत न्यायचं. इतर गोळ्या आणि मेथी यांत तास-दीड तास ठेवायचा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कुणाला यातल्या कॅप्सूल चालतील हे माणसावर आहे. नुकतं निदान झालंय, एचबीएवनसी साडेसहा-सात आहे, वजन जास्त आहे, किडनी-यकृत चांगलं आहे, अशाला मी म्हणतो, तीन महिने घ्या, बघू. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्याला शुगर एकदम उतरण्याचा धोका कमी, तिथेही थोडी मोकळीक आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असलेल्याला नाही. गरोदर बाईला नाही. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेल्याला नाही. आणि टाइप वन असलेल्या मुलाला कोणी इन्शुलिन सोडून काढा द्या म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, आणि १९२१ साली त्याचा शोध लागण्याआधी अशी मुलं जगत नसत.

"गोळी एकदा लागली की जन्माची" आणि "शुगरच्या गोळीने किडनी जाते" ही दोन वाक्यं बाबांच्याही मनात असणार, नाहीतर त्यांनी संध्याकाळची गोळी सोडली नसती. किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन कमी करावं लागतं, फार मंदावली की बंद करावं लागतं, ते आधीच बिघडलेल्या किडनीतून औषध नीट बाहेर पडत नाही म्हणून. लोक क्रम उलटा लावतात. आणि गोळ्या सुटतात, मी स्वतः सोडवल्यात. पण बहुतेकांच्या सुटल्या त्या वजन उतरून. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात वजन उतरवण्याच्या गटातले ४६ टक्के लोक एका वर्षात औषधाशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर आले, आणि १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ८६ टक्के. त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. नऊ वर्षांनंतर तेवढी आशा धरता येत नाही, पण पोटाचा घेर उतरला तर गोळीची मात्रा नक्की कमी होऊ शकते. बाबा मुळात सडपातळ असतील तर हा मार्गही त्यांचा नाही. माझ्या ओळखीचे एक वैद्य नेहमी म्हणतात, की चरकानेच स्थूल आणि कृश प्रमेहींची चिकित्सा वेगळी सांगितलीय, मग सगळ्या गावाला एकच पुडी देणारा आयुर्वेद कुठला? मला त्यांचं पटतं. खरंच आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणी असलेल्या बीएएमएस किंवा एमडी वैद्यांकडे जा, चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, आणि जे देतील त्याचं नाव लिहून घ्या. नाव लिहून द्यायला कचरणाऱ्याकडून काही घेऊ नका.

भावाने मागवलेल्या बाटलीचं लेबल एकदा नीट वाचा. "आयुर्वेदिक औषध" हे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि प्रत्येक वनस्पतीची मात्रा मिलिग्रॅममध्ये हवी. नुसता एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असेल तर कायद्याने ते अन्न आहे, औषध नव्हे, त्याने मधुमेह बरा करतो म्हणणंच गैर. किंबहुना मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधं आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, पण ती रोज मोबाइलवर दिसतेच. भस्म किंवा रसकल्प (धातू, खनिजं किंवा पारा घालून केलेलं औषध) असलेलं काही ऑनलाइन मागवू नका. इंटरनेटवरून घेतलेल्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अमेरिकेतला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झालाय.

सगळं धरून मी बाबांसाठी असं ठरवलं असतं: पुडी कायमची बंद. कॅप्सूल तूर्त कपाटात. गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्या तशा. रस हवा तर पाव कप, त्यापेक्षा मेथी बरी. तीन महिन्यांत दुसरा कुठलाही बदल नाही, म्हणजे पुढचं एचबीएवनसी काय सांगतंय ते कळेल. ते गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे पंधरा दिवसांत पुन्हा करून उपयोग नसतो. त्याच वेळी ताटाकडे बघा. "गूळ चालतो", "ज्वारीची भाकरी कितीही चालते", "द्राक्षं आपल्याच मळ्यातली आहेत" ही तीन वाक्यं सांगली जिल्ह्यात ८.४ चं एचबीएवनसी घडवायला पुरेशी आहेत. गुळाचा चहा दिवसातून चार वेळा होत असेल तर कारल्याच्या रसाने तो फिटणार नाही. एवढं करूनही आकडा ८ च्या वरच राहिला, तर तिसरं औषध जोडायची वेळ आलीय, आणि त्यात आता बरे पर्याय आहेत. महिन्याला हजार-दीड हजार कॅप्सूलवर जाणार असतील तर ते ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर आणि वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीवर घाला. नऊ वर्षांत ती तपासणी एकदाही झाली नसेल असा माझा अंदाज आहे.

बाबांचं वजन, उंची, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी कळवलंत, आणि पुडी थांबवल्यानंतरचे चार दिवसांचे आकडे पाठवलेत, तर कपाटातल्या कॅप्सूलचं काय करायचं ते नेमकं सांगता येईल. पुडी थांबवल्यावर शुगर एकदम उसळली तर घाबरू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तसं झालं तर आत्याच्या यजमानांनाही त्यांची शुगर तपासायला सांगा, कारण तेही तीच पुडी घेत असणार.